सिरॅमिक ग्रिल घ्यावी की स्मोकर? नऊशे वर्षांपूर्वी एका राजानं निखाऱ्यांवरचा स्वयंपाक लिहून ठेवला होता

नागपुरात थंडी पडली की चुली घराबाहेर येतात.

कुणाच्या शेतात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजले जातात, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. कुणाच्या गच्चीवर सावजी मटणाचं पातेलं चढतं. रस्त्याच्या कडेला उलट्या माठावर लंबी रोटी भाजणाऱ्या बाईपुढं गर्दी होते. आता यात आणखी एका गोष्टीची भर पडलीय. मोबाईलवर बाहेरच्या देशातले व्हिडीओ बघून लोकांना बार्बेक्यू करायचा असतो. मग मित्रांच्या ग्रुपवर वाद सुरू होतो. एक म्हणतो लोखंडी स्मोकर घेऊ, दुसरा म्हणतो ती अंड्यासारखी दिसणारी सिरॅमिक ग्रिल भारी. तिसरा म्हणतो, हे सगळं परदेशी खूळ आहे, आपल्याकडं असलं काही नव्हतंच.

तिसऱ्याचं म्हणणं साफ चुकीचं आहे.

निखाऱ्यावर काय भाजायचं, तापलेल्या मातीवर काय भाजायचं आणि ते आचेवरून कधी काढायचं, हे आपल्याच भागातल्या एका राजानं नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. तेही एखाद्या ओळीत नाही, चांगलं सविस्तर. त्याचं नाव सोमेश्वर तिसरा. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा. इतिहासाच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला जेमतेम दोन-चार ओळी येतात, आणि त्याही फारशा कौतुकाच्या नसतात.

कल्याणी म्हणजे कुठलं कल्याण?

मुंबईजवळचं कल्याण नाही. ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात, आपल्या लातूर-धाराशिवच्या सीमेजवळ. पुढं महात्मा बसवेश्वरांमुळं या गावाचं नाव सर्वदूर झालं, पण त्याच्या आधी शंभर वर्षं ही एका मोठ्या साम्राज्याची राजधानी होती.

ते साम्राज्य किती मोठं होतं याचा पुरावा थेट नागपूरच्या नावावर आहे. सीताबर्डीचा म्हणून ओळखला जाणारा एक शिलालेख आहे, शके १००८ चा, म्हणजे इ. स. १०८७ चा. त्यात राजा म्हणून नाव येतं ते चालुक्य विक्रमादित्य सहावा याचं. म्हणजे कल्याणीच्या राजाचा शब्द तेव्हा नागपूरच्या परिसरातही चालत होता.

हा विक्रमादित्य म्हणजे सोमेश्वराचा बाप. आणि बापाचं नाव इतकं मोठं होतं, की पोराची सगळी गोष्ट त्याच सावलीत घडली.

पन्नास वर्षं गाजवलेला बाप

सोमेश्वराच्या आजोबांचं नावही सोमेश्वरच. त्यांनी कल्याणीला राजधानी केली. शेवटी आजार बरा होईना, तेव्हा १०६८ मध्ये त्यांनी तुंगभद्रेत उतरून जलसमाधी घेतली. त्यांच्यामागं मोठा मुलगा गादीवर आला. पण धाकट्या विक्रमादित्याचं आणि त्याचं पटलं नाही. १०७६ मध्ये विक्रमादित्यानं सख्ख्या भावाला हरवून कैदेत टाकलं आणि गादी घेतली. शक काळ बाजूला सारून स्वतःच्या नावाचा नवा शक सुरू केला.

त्यानंतर पन्नास वर्षं त्यानं राज्य केलं.

त्याच्या दरबारात विद्वानांची रांग होती. काश्मीरहून भटकत भटकत आलेला बिल्हण कवी इथं स्थिरावला आणि त्यानं विक्रमादित्याचं चरित्र काव्यात लिहिलं. आपल्या कऱ्हाडच्या शिलाहारांची राजकन्या चंद्रलेखा हिच्याशी झालेल्या विक्रमादित्याच्या लग्नाचं वर्णन त्याच काव्यात आहे. विज्ञानेश्वरानं मिताक्षरा हा ग्रंथ याच कल्याणीत लिहिला. वडिलोपार्जित मालमत्तेत कुणाचा किती वाटा, याचे भारतातल्या बहुतेक भागातले निवाडे पुढं शेकडो वर्षं त्याच्या आधारावर होत राहिले.

सोमेश्वर अशा घरात वाढला. एका बाजूला तलवार, दुसऱ्या बाजूला पोथी. बापाला दोन्ही पेलत होतं. पोराचा जीव पोथीत जास्त रमला.

गादी मिळाली आणि पुस्तक सुरू झालं

११२६ च्या सुमाराला विक्रमादित्य गेला आणि सोमेश्वर गादीवर आला. त्यानं भूलोकमल्ल असं बिरूद घेतलं. पण लोकांत त्याची ओळख झाली ती सर्वज्ञ राजा म्हणून. सगळं जाणणारा.

ती नुसती खुशामत नव्हती. गादीवर आल्यानंतर दोन-तीन वर्षांतच तो एक प्रचंड संस्कृत ग्रंथ लिहीत होता. ग्रंथाचं नाव मानसोल्लास. दुसरं नाव अभिलषितार्थचिंतामणी, म्हणजे मनात येईल ते देणारा चिंतामणी. ग्रंथातल्या ज्योतिषाच्या गणितात शके १०५१ हे वर्ष धरलंय, त्यावरून तो ११२९ च्या आसपासचा ठरतो.

पाच भाग. प्रत्येक भागात वीस प्रकरणं. एकूण शंभर.

पहिला भाग राज्य मिळवण्याचा, दुसरा ते टिकवण्याचा. त्यात खजिना, कर, किल्ले, फौज, हत्ती, घोडे, औषधं, रत्नं सगळं आहे. इथपर्यंत कुठल्याही राजनीतीच्या ग्रंथासारखंच. पण उरलेले तिन्ही भाग चक्क जगण्याच्या आनंदावर आहेत. घर कसं असावं, अंघोळ कशी करावी, विडा कसा लावावा, अत्तर कसं बनवावं, चित्राचा रंग भिंतीवर कसा धरेल, मासे गळाला कसे लागतात, कोंबड्यांच्या झुंजी, गाणं, नाच, कोडी. राजाच्या दिवसभरात जे जे येतं, ते ते त्यानं उतरवून काढलं.

मराठी माणसानं या ग्रंथाला मान द्यावा असं एक कारण वेगळंच आहे. गाण्याच्या प्रकरणात सोमेश्वरानं वेगवेगळ्या भाषांतली उदाहरणं दिलीत. त्यात मराठीही आहे. शिवाय महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, याचीही त्यानं नोंद केलीय. ज्ञानेश्वरीच्या दीडशेहून जास्त वर्षं आधी. उखळाजवळचं बायकांचं गाणं एका चक्रवर्ती राजाला लिहून ठेवावंसं वाटलं, हे त्याच्या स्वभावाबद्दल बरंच काही सांगून जातं.

आणि ज्याला उखळाजवळचं गाणं ऐकू येतं, त्याला चुलीवरचा वास आल्याशिवाय कसा राहील?

राजा स्वयंपाकघरात शिरतो

तिसऱ्या भागात अन्नभोग नावाचं प्रकरण आहे. यात भाताचे प्रकार आहेत, डाळी आहेत, वडे आहेत, घावन-डोशाचे पूर्वज आहेत. इडलीचाही पूर्वज आहे, फक्त त्यात तांदूळ नाही, नुसते उडीद आहेत. कुठल्या ऋतूत काय खावं तेही आहे. उन्हाळ्यात गोड आणि थंड, पावसाळ्यात खारट, कडाक्याच्या थंडीत गरम आणि आंबट.

पण आजच्या ग्रिलवाल्यांनी बघावं ते मांसाहाराचं. आज वाचताना काही ठिकाणी दचकायला होतं, कारण राजानं काही लपवलेलं नाही. मेंढा, डुक्कर, मासे, खेकडे, कासव, इतकंच काय नदीकाठचे काळे उंदीरसुद्धा यात आहेत. हे उंदीर साफ कसे करायचे आणि मग लोखंडी सळईला लावून लालबुंद निखाऱ्यांवर कसे भाजायचे, हे त्यानं पायरी पायरीनं सांगितलंय.

आपल्याला ते खायचं नाही. पण पद्धत बघा. सळई, निखारे, आणि आच कुठवर द्यायची याचा अंदाज. यालाच आज लोक ग्रिलिंग म्हणतात.

मांसाच्या तुकड्यांना भोकं पाडून त्यात मसाला भरायचा आणि ते सळईवर भाजायचे, या प्रकाराला तो भडित्रक म्हणतो. मसाला वरून नुसता चोपडला तर आत पोचत नाही आणि निखाऱ्यावर पडून जळतो, हे ज्यानं एकदा तरी गच्चीवर चिकन टिक्का केलाय त्याला माहीत असतं. काळजाचे सुपारीएवढे तुकडे करून कोळशावर भाजायचे, मसाला लावायचा आणि मग दह्यात किंवा मोहरीच्या पाण्यात घालायचे, असाही एक प्रकार आहे. भाजलेल्या कोरड्या तुकड्याला आंबट दह्याची जोड. आजही तंदुरी चिकन खाताना आपण हेच करतो.

डुकराच्या पाककृतीत तर त्यानं दोन पर्याय दिलेत. केस काढायला एक तर अंगावर पांढरं कापड टाकून त्यावर कढत पाणी ओतायचं, नाहीतर अंगाला माती लिंपून गवताच्या जाळावर केस जाळायचे. एकच काम दोन तऱ्हांनी करता येतं आणि कुठली तऱ्हा घ्यायची ते समोर काय आहे त्यावर ठरवायचं, ही स्वयंपाक्याची समज झाली. गवताचा जाळ भडकतो आणि लगेच विझतो, म्हणून तो केस जाळायला ठीक. मांस भाजायला मात्र टिकणारे निखारे लागतात.

हे सगळं दिल्लीत सुलतानशाही येण्याच्या पाऊणशे वर्षं आधीचं आहे. कबाब हा शब्द बाहेरून आला, त्याच्यासोबत कितीतरी चवीही आल्या. पण सळईला मसालेदार मांस लावून निखाऱ्यावर भाजणं दख्खनला कुणी शिकवावं लागलं नाही. ते इथं आधीपासून होतं.

उलटं खापर आणि मुक्ताईचे मांडे

आता येऊ मातीकडं, म्हणजे सिरॅमिकवाल्यांच्या मुद्द्याकडं.

अन्नभोगात मंडक नावाचा पदार्थ आहे. गहू धुवायचे, वाळवायचे, दळायचे, पीठ चाळून घ्यायचं. त्यात तूप आणि थोडं मीठ घालून मळायचं. गोळे करून तांदळाच्या पिठात घोळवायचे, हातानं ताणून मोठे करायचे आणि तापलेल्या खर्परावर टाकायचे. काळे डाग पडायच्या आत काढून घ्यायचे.

खर्पर म्हणजे आपलं खापर. मंडक म्हणजे आपले मांडे.

खानदेशात आजही उलट्या खापरावर मांडे होतात. आणि महाराष्ट्रातल्या पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट याच खापराची आहे. मुक्ताईला मांडे करायचे होते, पण विसोबानं कुंभारांना दम भरला होता की या पोरांना खापर द्यायचं नाही. मुक्ताई रडत परत आली. तेव्हा ज्ञानेश्वरांनी जठराग्नी चेतवून पाठ तापवली आणि मुक्ताईनं त्या पाठीवर मांडे भाजले. गोष्ट चमत्काराची आहे, पण तिचा सगळा पेच एका मातीच्या भांड्यावर उभा आहे. मांडे तव्यावर का नाही भाजले, हा प्रश्न ऐकणाऱ्या कुणालाच पडत नाही. कारण मांड्याला खापरच लागतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

नागपूरची लंबी रोटी याच घराण्यातली. पीठ इतकं सैल आणि चिवट मळायचं की ते हातावरून ओघळत खाली यावं. मग दोन्ही हातांवर ते लांबवत न्यायचं आणि जाळावर पालथ्या घातलेल्या माठावर अलगद पसरायचं. माठाला पोट असतं म्हणून रोटीला जागा मिळते. माती जाड असते म्हणून आच एका ठिकाणी टोचत नाही, सगळीकडं सारखी पसरते. पातळ लोखंडी पत्र्यावर हीच रोटी टाकली तर मध्ये करपेल आणि कडेला कच्ची राहील.

तिसरी तऱ्हा थेट निखाऱ्यांची. सोमेश्वराच्या काळी निखाऱ्यावर भाजलेल्या पोळीला अंगारपोलिका म्हणत. अंगार म्हणजे निखारा. विदर्भातले पानगे आणि रोडगे बघितले की हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

म्हणजे सळईवर, तापलेल्या मातीवर आणि थेट निखाऱ्यात. आगीशी वागण्याच्या तीन तऱ्हा, आणि प्रत्येकीला तिचा पदार्थ नेमून दिलेला. मंडक सळईवर नाही आणि भडित्रक खापरावर नाही. आधी काय खायचं ते ठरतं आणि मग आग ठरते.

पण राज्याचं काय झालं?

इथं सोमेश्वराच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे.

तो स्वयंपाक, संगीत आणि हत्तींवर लिहीत होता, तेव्हा सीमेवरचे मांडलिक स्वस्थ बसले नव्हते. दक्षिणेत होयसळांचा विष्णुवर्धन होता. बेलूरचं प्रसिद्ध चेन्नकेशव मंदिर त्यानंच बांधलं. विक्रमादित्यानं त्याला मोठ्या कष्टानं दाबून ठेवलं होतं. विक्रमादित्य गेल्यावर त्यानं पुन्हा डोकं वर काढलं आणि चालुक्यांचा मुलूख कुरतडायला सुरुवात केली. पूर्वेला आंध्रातला वेंगीचा प्रदेश विक्रमादित्यानं चोळांकडून मिळवला होता, तोही हातातून निसटला.

सोमेश्वरानं साधारण बारा वर्षं राज्य केलं. ११३८ च्या सुमाराला तो गेला. त्याच्यानंतर दोन मुलं एकामागून एक गादीवर आली, पण घसरण थांबली नाही. वीस वर्षंही उलटली नाहीत, तोच कलचुरी बिज्जळ नावाच्या सरदारानं कल्याणीची सत्ता बळकावली. याच बिज्जळाच्या दरबारात पुढं बसवेश्वर होते. चालुक्य वंश पुन्हा एकदा कसाबसा उभा राहिला, पण बाराव्या शतकाच्या अखेरीस कायमचा संपला. उत्तरेकडचा मुलूख देवगिरीच्या यादवांकडं गेला, दक्षिणेकडचा होयसळांकडं.

म्हणून इतिहासकार सोमेश्वराला विद्वान, पण कमकुवत राजा ठरवतात. बाप मुलूख मिळवत गेला आणि पोरगा पाककृती लिहीत बसला, असा सरळ हिशोब.

हिशोब अगदीच खोटा नाही. ज्या माणसानं राज्य टिकवण्यावर वीस प्रकरणं लिहिली, त्याचंच राज्य टिकलं नाही, हे कटू आहेच. पण पन्नास वर्षं एकाच माणसाच्या धाकावर चाललेलं साम्राज्य तो माणूस गेल्यावर हलणारच होतं. मांडलिक मोठे होत होते, आणि ते सोमेश्वर चुलीपाशी गेला म्हणून मोठे झाले नाहीत. बापाचं मोठेपण पेलण्याचा प्रयत्न त्यानं आपल्या परीनं केला. विक्रमादित्याचं चरित्रही तो स्वतः लिहायला बसला होता. विक्रमांकाभ्युदय नावाचं ते पुस्तक अपुरंच राहिलं.

राज्य गेलं, पोथी राहिली

कल्याणीचे महाल पडले. मानसोल्लासच्या पोथ्या मात्र नकलून नकलून पुढं जात राहिल्या.

विसाव्या शतकात बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानानं जुने संस्कृत ग्रंथ छापण्यासाठी एक ग्रंथमाला चालवली. त्यात जी. के. श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेला मानसोल्लासचा पहिला खंड १९२५ मध्ये आला. अन्नभोग ज्यात आहे तो दुसरा खंड १९३९ मध्ये, आणि तिसरा १९६१ मध्ये. सोमेश्वराची पुन्हा ओळख झाली ती अशी. आज इडलीचा इतिहास असो, मराठीतल्या ओवीचा असो, चित्रकलेतल्या रंगांचा असो की मासेमारीचा, अभ्यासकांना या राजाच्या दारात यावंच लागतं.

विक्रमादित्यानं जिंकलेला मुलूख आज तीन-चार राज्यांत वाटला गेलाय. सोमेश्वरानं लिहिलेला मांडा अजून खापरावर भाजला जातोय.

मग घ्यायचं काय?

आता पुन्हा त्या ग्रुपवरच्या वादाकडं.

ज्या अंड्याच्या आकाराच्या सिरॅमिक ग्रिलची चर्चा चालते, तिला कामाडो म्हणतात. कामाडो म्हणजे जपानी चूल. भात शिजवायच्या तिथल्या मातीच्या भट्ट्या दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी घरी नेल्या. १९७४ मध्ये अटलांटा शहरात एड फिशर यांनी बिग ग्रीन एग नावानं त्यांचा धंदा सुरू केला आणि मातीच्या जागी जास्त टिकाऊ सिरॅमिक आलं. त्याच्या आधी, १९५२ मध्ये शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी लोखंडी गोळा कापून झाकणाची ग्रिल बनवली होती. तीच आज वेबर नावानं ओळखली जाते. म्हणजे जाड मातीच्या पोटात आच कोंडायची ही युक्ती जपानी चुलीला जशी सुचली, तशीच आपल्या माठाला आणि भट्टीलाही सुचली होती.

सोमेश्वराचा नियम लावला तर वाद सोपा होतो. आधी काय खायचं ते ठरवा.

टिक्का, शिगेवरचे तुकडे, भाजलेलं पापलेट, कणीस, भरताची वांगी हेच करायचं असेल, तर थेट निखारे पुरतात. त्यासाठी साधी लोखंडी शेगडी आणि चार सळया बास. चरबी निखाऱ्यावर ठिबकते, तिचा धूर उठतो, तोच तुकड्याला लागतो आणि ती चव येते. महागड्या यंत्रानं यात फार फरक पडत नाही.

रोटी, नान, पिझ्झा, अख्खी कोंबडी असं सगळं एकाच यंत्रात हवं असेल, तर सिरॅमिक ग्रिल कामाची. जाड भिंत एकदा तापली की तास न् तास आच धरून ठेवते आणि कोळसा कमी लागतो. खालची आणि वरची झडप उघडझाप करून ११० अंशांपासून ३५० अंशांपर्यंत आच नेता येते. पण ती तापायला वेळ घेते, आणि एकदा फार तापली की लवकर थंड होत नाही. मोठ्या आकाराची ७० किलोच्या आसपास किंवा त्याहून जड असते, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर चढवण्यापूर्वी विचार केलेला बरा. आदळली तर तडकते. आणि तापलेली असताना वर गार पाणी ओतायची चूक करू नका.

स्मोकर हा वेगळा प्राणी आहे. त्यात मांस आगीवर नसतं, आगीच्या शेजारी असतं. ११०-१२० अंशांच्या मंद आचेत, लाकडाच्या धुरात, आठ-दहा तास. मटणाची मोठी मांडी किंवा जाड, चिवट तुकडे त्यात मऊ पडतात. ज्याला सकाळी सहाला उठून दुपारपर्यंत आगीजवळ बसायची हौस आहे, त्यानं जरूर घ्यावा. ज्याला दोन तासांत वीस पाहुणे जेवू घालायचेत, त्याच्या तो कामाचा नाही. आपल्याकडं वाटीत निखारा ठेवून, त्यावर तूप सोडून झाकण घालायची जी धुरी देतात, ती या धुराची घरगुती बहीण. अनेकांना तेवढ्यानंच समाधान होईल.

तिन्हीसाठी दोन गोष्टी सारख्याच. रंग दिलेलं किंवा प्लायवूडचं लाकूड कधी जाळायचं नाही, त्याचा धूर विषारी असतो. आणि कोळशाची कुठलीही शेगडी बंद खोलीत किंवा बंद बाल्कनीत पेटवायची नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळं जीव जाईपर्यंत कळत नाही. थंडीत शेगडी घरात घेण्याचा मोह होतो, तो टाळायचाच.

आणि काळे डाग पडायच्या आत काढायचं, हा नऊशे वर्षांपूर्वीचा सल्ला आजही पाळायचा. करपलेल्या मांसात आरोग्याला घातक द्रव्यं तयार होतात, हे आता विज्ञानानंही सांगितलंय. सोमेश्वराला ते माहीत नव्हतं. पण कुठं थांबायचं हे त्यानं चुलीपाशी उभं राहून पाहिलेलं असावं.

एवढं करूनही निर्णय होत नसेल, तर पैसे खर्च करायच्या आधी नागपुरात एक फेरी मारा. संध्याकाळी जिथं लंबी रोटी भाजली जाते, तिथं दहा मिनिटं उभं राहा. त्या बाईकडं थर्मामीटर नसतो. माठ किती तापलाय ते ती तळहात जवळ नेऊन ओळखते. पीठ हातावर लांबवते, माठावर टाकते आणि डाग पडायच्या आत उचलते. मानसोल्लास तिनं वाचलेला नाही, आणि तिला त्याची गरजही नाही. सोमेश्वरानं जे लिहिलं ते अशाच हातांकडं बघून लिहिलं होतं.